बुडाला रंग कुठला?

१८२३ साली ब्रिटिश नौदलाने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्याकडे एक तक्रार नेली. युद्धनौकांच्या लाकडी बुडाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्राचं पाणी खात होतं आणि ते पुन्हा पुन्हा बदलण्यात तिजोरी रिकामी होत होती. डेव्हींनी तांब्याला जस्ताचे आणि बिडाचे छोटे तुकडे जोडून पाहिले. झीज त्या तुकड्यांनी अंगावर घेतली आणि तांबं शाबूत राहिलं. १८२४ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं, नौकांवर तुकडे बसलेही, आणि थोड्याच काळात तक्रार उलट बाजूने आली: तांबं झिजत नाही हे खरं, पण बुडावर शेवाळ आणि शिंपले चढलेत, जहाज पुढे रेटता रेटत नाही. नौदलाने तुकडे काढून टाकायला लावले.

अँटीफाउलिंग रंगाविषयी जे कळायला हवं, त्यातलं निम्मं या फजितीत आलं. तांबं पाण्यात विरघळत होतं म्हणूनच बूड स्वच्छ राहत होतं. विष असलेला आजचा प्रत्येक रंगही झिजूनच काम करतो. त्यामुळे दुकानात जाऊन ‘सगळ्यात टिकाऊ कुठला?’ असं विचारणाऱ्याला विक्रेता काहीतरी नक्की विकेल, पण तो डबा त्या बोटीचा असेलच असं नाही. आधी सांगायला हवं ते हे की बोट चालते किती, उभी किती वेळ असते आणि पाण्याबाहेर कधी येते.

बुडावर चढतं काय, हे आधी पाहू. स्वच्छ पृष्ठभाग समुद्रात बुडाला की काही तासांतच त्यावर जिवाणूंचा आणि सूक्ष्म शैवालांचा बुळबुळीत थर धरायला लागतो. मग हिरवं शेवाळ, नळीत राहणारे किडे, कालवं, आणि बार्नेकल. मुंबई-गोव्याच्या बंदरांत सर्रास दिसणारं पट्ट्यापट्ट्यांचं बार्नेकल शास्त्रीय नावाने नोंदवलं चार्ल्स डार्विनने, १८५४ साली. आठ वर्षं तो या प्राण्यांमागे होता. बार्नेकलची शेवटच्या अवस्थेतली अळी काही खात नाही. जागा शोधणं एवढंच तिचं काम. पुढच्या दोन स्पर्शिकांवर ती बुडावरून अक्षरशः चालते, चाचपते, पसंत नसेल तर सोडून देते. पसंत पडलं की डोकं खाली करून स्वतःला कायमचं चिकटवून घेते. एकदा कवच धरलं की पुढे रंगाचं काही चालत नाही, पटाशीच लागते. म्हणजे रंगाची सारी लढाई त्या चाचपण्याच्या वेळात जिंकायची असते.

हरलो तर किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते. मायकल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका फ्रिगेट वर्गासाठी १५ नॉट वेगाचं गणित मांडलं. बुळबुळीत पातळ थर असेल तरी सुमारे ११ टक्के जादा शक्ती, बारीक कवचं किंवा शेवाळ असेल तर ३५ टक्के, आणि जाड कवचांचं पांघरूण असेल तर तब्बल ८६ टक्के. आपला ट्रॉलर म्हणजे फ्रिगेट नव्हे, आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण तांडेल अनुभवाने तेच सांगतो: एप्रिलमध्ये त्याच इंजिनावर, त्याच बंदरापर्यंत यायला वेळ जास्त लागतो.

कोकणात हा प्रश्न फार काळ रंगाविनाच सोडवला गेला. रापणीची होडी रोज किनाऱ्यावर ओढली जायची. ऊन आणि कोरडी वाळू यांच्यापुढे कुठलं बार्नेकल टिकणार? मोठ्या गलबतांची गोष्ट वेगळी. त्यांना शिंपल्यांपेक्षा लाकूड पोखरणाऱ्या किड्याची धास्ती जास्त, म्हणून चुना आणि तेल यांचं लेपण, माशाचं तेल, राळ, पुढे काजूच्या टरफलाचं तेल, असे थर चढत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची जी जहाजं बांधली त्यांच्या काळात तांब्याचा पत्रा रुळलेला होता. त्यांतली १८१७ ची ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभी आहे. तांब्याची पहिली मोठी चाचणी त्याआधी १७६१ मध्ये ‘अलार्म’ या फ्रिगेटवर झाली होती. दोन वर्षांनी पाहिलं तर बूड छान, पण पत्र्याला टेकलेले लोखंडी खिळे खाल्ले गेलेले. दोन धातू, मध्ये खारं पाणी, की कमकुवत धातू मरणार. ही गोष्ट लक्षात ठेवावी, ॲल्युमिनियमच्या बोटीपाशी ती परत भेटेल.

पोलादी जहाजं आली आणि पत्रा गेला, तांबं रंगात शिरलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र रसायनशास्त्रज्ञांना तांब्याहून जालीम काहीतरी सापडलं: कथिलाचं एक सेंद्रिय संयुग, ट्रायब्युटिल टिन, सगळे ज्याला टीबीटी म्हणतात. १९७० च्या दशकात ते रंगाच्या रेणूलाच जोडून टाकण्याची युक्ती निघाली. पाण्याशी गाठ पडली की वरचा पापुद्रा सुटायचा, विष बाहेर यायचं, खाली नवा गुळगुळीत पापुद्रा. पाच-पाच वर्षं जहाज गोदीत आणायची गरज नाही. रंग म्हणून पाहिलं तर इतका चांगला रंग त्याआधी झाला नव्हता आणि, माझ्या मते, नंतरही झालेला नाही.

त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांची शेती १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोसळली. शिंपले वेडेवाकडे जाड होत होते आणि नवी पिल्लं धरत नव्हती. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर टीबीटीला बंदी घातली. तिकडे इंग्लंडच्या किनाऱ्यावर गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटत होते, आणि त्यासाठी एक लिटर पाण्यात एक नॅनोग्रॅम टीबीटी पुरत होतं. हे आपल्यापासून लांब घडलं असं मात्र समजू नये. १९९९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हाच विकार भारतीय पाण्यातल्या एका गोगलगायीत नोंदवला. मुरगाव बंदराजवळची ती जात. तिचं शास्त्रीय नाव ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’. कोकणचं नाव लावणारा हा प्राणी जगाच्या जहाजांवरच्या रंगाने नासला होता. किनाऱ्यावर कुणालाही हे उघड्या डोळ्यांनी कळलं नसतं.

टीबीटीवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. भारताने २०१४ मध्ये व्यापारी जहाज कायद्यात दुरुस्ती करून त्यासाठी स्वतंत्र भाग घातला. ४०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांना प्रमाणपत्र बाळगावं लागतं. आपल्या मासेमारी बोटींना असलं काही दाखवावं लागत नाही, त्यामुळे त्यांच्या बुडाला काय फासलं जातं याचा हिशेब कुणाकडेच नसतो. १ जानेवारी २०२३ पासून सायब्युट्रिन या शेवाळनाशकावरही बंदी आली. तेव्हा जुना, विनाखुणेचा, ‘परदेशातून आलेला कडक माल’ कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये.

आता बाजारातले डबे. नावं शेकडो असली तरी घराणी चारच आहेत, आणि चारही सारखा वेळ देण्याच्या लायकीची नाहीत.

कडक रंगात राळेऐवजी न विरघळणारा घट्ट पाया असतो. त्यातले तांब्याचे कण विरघळत जातात, सांगाडा मागे राहतो. घासला तरी निघत नाही, म्हणून वेगवान बोटींना आणि ओहोटीला चिखलात बसणाऱ्यांना चालतो. पण विष सुरुवातीला भरभरून सुटतं आणि नंतर आटतं. शिवाय सांगाड्यावर सांगाडा चढून पाचसहा वर्षांत बुडाला खपल्यांची गोधडी होते, ती खरवडून काढणं म्हणजे शिक्षा. आणखी एक अवगुण असा की बोट बराच काळ कोरडी राहिली तर या रंगाचा वरचा थर मरतो.

राळेचा मऊ रंग सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत स्वस्त. राळ खाऱ्या पाण्यात हळूहळू विरघळते, साबणाच्या वडीसारखी, आणि तांबं सोडत जाते. एक हंगाम, फार तर. हवेत ठेवला तर राळ वरून बिघडते, म्हणून लावल्यावर ठरलेल्या मुदतीत बोट पाण्यात गेली पाहिजे. जाणकार या रंगाला नाक मुरडतात. मी मुरडणार नाही, कारण पुढे येईल.

तिसरं घराणं टीबीटीचे वारस: तांब्याच्या, जस्ताच्या किंवा सिलिलच्या ॲक्रिलेटवर बेतलेले आपोआप घासले जाणारे रंग. सोबत शेवाळाला आवरणारं झिंक किंवा कॉपर पायरिथिऑन असतं. झीज सम असते आणि बराच काळ कोरडे राहिले तरी बहुतेक चालून जातात. मोठ्या जहाजांचं आज बहुतेक काम यांच्यावरच. ग्यानबाची मेख इतकीच की रंग घासायला पाणी बुडावरून वाहतं असावं लागतं. उभ्या बोटीसाठी याच घराण्यात लवकर झिजणारे, धावत्या जहाजासाठी हळू झिजणारे असे वेगवेगळे प्रकार मिळतात. डबा घेताना विचारायचं ते हेच. उलट निवड झाली तर उभ्या बोटीला शिंपले, आणि धावत्या बोटीचा रंग वर्षाच्या मध्यावर संपलेला.

चौथा सिलिकॉनचा. यात विष नाही, किंवा अगदी कमी. जीव चिकटतात पण धरून राहता येत नाही, बोट वेगात गेली की गळून पडतात. सुरुवातीच्या सिलिकॉनला पंधरा नॉटच्या वर वेग लागायचा, नवे त्याहून कमीत काम करतात. फेरी बोटी, कंटेनर जहाजं, गस्तीनौका यांना उत्तम. मासेमारीत मात्र मला तो बसवता येत नाही. जाळं ओढताना ट्रॉलर दोन-तीन नॉटने चालतो, धक्क्यावर चार बोटी एकमेकींना घासत उभ्या असतात, दोर आणि टायर बुडाच्या कडा सोलतात, आणि सिलिकॉनवर नखाचा ओरखडा उठला तरी तिथूनच पापुद्रा सुटतो. शिवाय एकदा सिलिकॉन लागला की त्यावर दुसरा रंग धरत नाही, सगळं मुळापर्यंत काढावं लागतं.

कोकणच्या निवडीत सगळ्यांत मोठा घटक, जो परदेशी डब्यावर कधीच छापलेला नसतो, तो आपलं पंचांग. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास परत पाण्यात. म्हणजे वर्षाकाठी दोन महिने बूड कोरडं असणारच आणि बोट हाताशी असणारच. अशा बोटीला तीन हंगाम टिकणारा महाग रंग घेऊन काय मिळवायचं? ज्याला दर वर्षी बूड धुऊन दोन हात मारणं परवडतं, त्याने एका हंगामाचा राळेचा किंवा साधा झिजणारा रंग, पण पूर्ण जाडीने, लावावा. मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या दहा दिवसांच्या फेऱ्या मारणाऱ्या ट्रॉलरला हे पुरतं. फक्त एक पथ्य आहे. बोट वर आली की मे महिन्याच्या अखेरीस, ‘आता मोकळे आहोत’ म्हणून, रंग मारून टाकायचा नाही. दोन महिने हवेत आणि दमटीत पडलेला राळेचा रंग ऑगस्टपर्यंत निम्मा मेलेला असतो. धुणं, खरवडणं, भेगा भरणं जूनमध्ये करावं, पण विषाचा शेवटचा हात पाण्यात जाण्याच्या तोंडावर, पावसाने उघडीप दिली की.

पर्ससीनवाल्याचं गणित निराळं. महाराष्ट्राच्या हद्दीत २०१६ च्या आदेशाने त्याला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ मिळाला. जानेवारीपासून जी बोट धक्क्याला उभी राहते तिच्या बुडावर मार्चपर्यंत काय होतं ते तिचा मालक जाणतो. २०१२ च्या खाणबंदीनंतर गोव्यात मांडवी-झुआरीवर उभ्या राहिलेल्या बार्जेस हे याचंच मोठं रूप. अशा उभ्या बोटीला रंग कुठलाही असला तरी मधूनमधून पुसावं लागतं. मऊ स्पंजाने, खरखरीत ब्रशने नव्हे, नाहीतर त्या एका पुसण्यात दोन महिन्यांचा रंग निघून जातो.

आणि पाणी. युरोपातला डबा ‘दोन हंगाम’ म्हणतो तेव्हा त्यात थंडीचे महिने धरलेले असतात, ज्यांत तिथे फारसं काही चढत नाही. अरबी समुद्रात थंडी नाही. खाडीत मात्र पावसाळ्याचा फायदा असतो. जुलैत खाडीचं तोंड इतकं गोडं होतं की समुद्रातले बरेच जीव तग धरत नाहीत, पाऊस सरला आणि खारेपणा परतला की सुरुवात नव्याने. अमेरिकेतल्या वुड्स होल सागरसंशोधन संस्थेच्या १९५२ च्या ग्रंथाने बार्नेकल रोखायला तांबं किती सुटावं याचा जो ठोकताळा दिला तो रोज दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १० मायक्रोग्रॅम. कॅलिफोर्नियाने २०१८ पासून हौशी बोटींच्या रंगाला घातलेली मर्यादा ९.५. म्हणजे काम होण्याची रेषा आणि कायद्याची रेषा जवळजवळ एकच. तिथल्या सॅन दिएगोच्या एका यॉटबंदरात नुसत्या उभ्या बोटींच्या बुडातून उतरलेल्या तांब्याने पाणी बिघडलं होतं. बंदिस्त पाण्यात तांबं साचतं, उघड्या किनाऱ्यावर ते वाहून जातं, आपल्याकडे भिंतींनी वेढलेली बंदरं वाढत असताना हा फरक डोक्यात असायला हवा.

नेहमीचा रंग नको असेल तर वाटा आहेत, सगळ्या अर्ध्या. बार्नेकलच्या अळीला अस्वस्थ करून उडवून लावणारं मेडेटोमिडिन, तांब्याची पूड कालवलेला इपॉक्सी, ध्वनिलहरींची यंत्रं. यंत्रांवर मी पैसे लावणार नाही. लांब आणि संथ प्रवासात तर चांगले रंगही हात टेकतात. २०२२ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत, जिच्यात भारताचे अभिलाष टॉमी दुसरे आले, अनेक स्पर्धकांना भर समुद्रात बार्नेकलांनी जेरीस आणलं आणि काहींना पाण्यात उतरून बूड खरवडावं लागलं.

बुडाचा माल कुठला हे विसरून चालत नाही. ॲल्युमिनियमवर क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे तांब्याचा, रंग लावला तर ‘अलार्म’च्या खिळ्यांची गत होते. तिथे थायोसायनेटचा फिका रंग, आणि तोही खाली अडथळ्याचा थर देऊन. पोलादाला आधी इपॉक्सी, मग रंग, आणि जस्ताच्या वड्या कोऱ्या ठेवायच्या. डेव्हींची युक्ती आता तिथे आपलं काम बिनबोभाट करते, कारण पोलाद विरघळायला नको असतं आणि विषाचं काम रंग करतो. जस्तावर हौसेने रंग फासणारे पेंटर मात्र अजून भेटतात. फायबरला किड्याची भीती नाही, पण शिंपल्यांना तो लाकडाइतकाच प्रिय आहे. आणि खोली मोजणाऱ्या यंत्राच्या चकतीवर तांब्याचा रंग लावू नये.

लावणीत पैसा जातो तो जाडीवर. समजा पाण्यातली लांबी १२ मीटर, रुंदी ४, बुडी १.२. लांबी गुणिले (रुंदी अधिक बुडी), म्हणजे भरदार बुडाचं क्षेत्र सुमारे ६२ चौरस मीटर. रंगात घन भाग निम्मा असेल आणि सुकल्यावर ५० मायक्रॉनचा थर हवा असेल तर लिटरमागे १० चौरस मीटर. एका हाताला सहा लिटरच्या वर, दोन हातांना साडेबारा, सांडलवंड वेगळी. आता पेंटर दहा लिटरमध्ये दोन हात ‘बसवून’ देतो, टर्पेंटाइन घालून. बूड लाल दिसतं, मालक खूष, आणि फेब्रुवारीत रंग संपतो. मग दोष कंपनीचा! याला एक सोपा पहारा आहे. पहिला हात लाल, दुसरा निळा. वर्षाच्या शेवटी बोट वर आली की कुठे निळं उरलंय, कुठे लाल दिसतंय, कुठे त्याच्याही खालचं, हे बोटच दाखवते. साधारणपणे नाळेपाशी, सुकाणूच्या कडांना आणि पाण्याच्या रेषेवर लाल आधी उघडतं. पुढच्या वर्षी तिथे तिसरा हात. आणि पठाणाखालच्या, म्हणजे बोटीच्या कण्याखालच्या, ओंडक्यांची जागा बदलून घ्यायची, नाहीतर दर वर्षी त्याच चार ठिकाणी बूड रंगाविना राहतं आणि बार्नेकलांना ते चारही पत्ते पाठ होतात.

जुना रंग काढताना कोरडा घासू नये. ती लालसर धूळ तांब्याची असते, कधी त्याहून वाईट कशाची. पाण्याने भिजवून खरवडावी, खाली ताडपत्री असावी, नाकातोंडाला नीट मास्क असावा. आज बहुतेक धक्क्यांवर ती धूळ रेतीत पडते, आणि पुढच्या उधाणात बंदरात जाते.